प्रेक्षक कोण आणि लोक कोण: हैदराबादेत स्टँड-अप करू पाहणाऱ्यांसाठी

स्टँड-अप करणाऱ्याच्या वाट्याला दोन प्रकारची मतं येतात. एक समोर बसलेल्या प्रेक्षकांचं. ते तिथल्या तिथे कळतं, हशातून किंवा शांततेतून. दुसरं लोकांचं. त्यात घरचे, नातेवाईक, ऑफिसातले सहकारी, क्लिप पाहून कमेंट टाकणारे अनोळखी आणि कधी कधी अंगावर धावून येणारेही आले. या क्षेत्रात नव्याने उतरणारी बरीच मुलं या दोन मतांची गल्लत करतात. प्रेक्षक हसले नाहीत तर ‘लोकांना माझा विनोद कळत नाही’ म्हणतात, आणि काकांनी नाक मुरडलं की चांगला चाललेला विनोद सेटमधून काढून टाकतात. खरं तर उलट करायला हवं. काम घडवायचं ते प्रेक्षकांच्या मतावर. लोकांच्या मताला तोंड द्यायची तयारी वेगळी करायची असते, आणि ती पहिल्या कार्यक्रमाआधीच करावी लागते.

हायटेक सिटी-गचिबोवलीच्या कंपन्यांत नोकरी करणारी, शिक्षणासाठी नांदेड-लातूरहून आलेली किंवा पिढ्यान्‌पिढ्या इथेच राहिलेली अनेक मराठी मुलं आज या वाटेकडे पाहतात. हा लेख त्यांच्यासाठी आहे.

शहर विनोदाला नवखं नाही

हैदराबादची विनोदाची परंपरा ओपन माइकच्या कितीतरी आधीची आहे. दख्खनी उर्दूतल्या विनोदी मुशायऱ्यांना इथे मोठी गर्दी लोटत असे. गुलबर्ग्याकडचे सुलेमान खतीब यांनी सासू-सून, लग्नातली देणीघेणी असले विषय थेट बोलीत मांडले आणि लोक हसता हसता अंतर्मुख झाले. साठच्या दशकात ‘जिंदा दिलान-ए-हैदराबाद’ ही विनोदी साहित्याला वाहिलेली संस्था उभी राहिली. पाठोपाठ ‘शगूफा’ हे विनोदी मासिक निघालं. ‘सियासत’ दैनिकातून लिहू लागलेले मुज्तबा हुसैन यांना उर्दू विनोदी लेखनासाठी 2007 मध्ये पद्मश्री मिळाली. पुढे ‘द अंग्रेज’ या कमी खर्चातल्या चित्रपटाने चारमिनारच्या आसपासच्या गप्पा घराघरांत पोचवल्या. इथला प्रेक्षक विनोदात मुरलेला आहे, हे ध्यानात ठेवून मंचावर पाऊल टाका.

मराठीचं या शहराशी नातंही जुनं. 1931 चं मराठी साहित्य संमेलन श्रीधर व्यंकटेश केतकर यांच्या अध्यक्षतेखाली इथे भरलं होतं. मराठवाडा 1956 पर्यंत हैदराबाद राज्यातच होता. त्याच मराठवाड्याच्या मातीतून लक्ष्मण देशपांडे यांचं ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ आलं. 52 पात्रं एकट्याने उभी करणारा तो प्रयोग महाराष्ट्राने डोक्यावर घेतला. त्याआधी 1961 मध्ये पु. ल. देशपांडे ‘बटाट्याची चाळ’ एकट्याने रंगवत होते. तेव्हा एक माणूस, एक माइक आणि भरलेलं सभागृह हे मराठी माणसाला नवं नाही.

पण एकपात्री आणि स्टँड-अप यांत एक मोठा फरक आहे, आणि लोकमताचा सगळा गुंता तिथेच सुरू होतो. एकपात्रीत पात्र बोलतं. स्टँड-अपमध्ये ‘मी’ बोलतो. माझी आई, माझी नोकरी, माझा घरमालक. त्यामुळे ऐकणारा ते तुमचंच मत समजतो, आणि ते आवडलं नाही तर राग पात्रावर निघत नाही, तुमच्यावर निघतो.

पहिली पाच मिनिटं

सुरुवात ओपन माइकपासून, म्हणजे नाव नोंदवणाऱ्या कुणालाही मंच देणाऱ्या कार्यक्रमापासून करा. बंजारा हिल्समधलं लामकान 2010 पासून कविता, नाटक, संगीत, स्टँड-अप आणि चर्चा सगळ्यांनाच जागा देत आलं आहे. त्याखेरीज माधापूर, गचिबोवली, जुबिली हिल्स या भागांतल्या कॅफेंत आणि छोट्या सभागृहांत ओपन माइक चालतात. कॅफे बदलतात, वारही बदलतात. म्हणून आयोजकांच्या इन्स्टाग्राम पानांवर आणि बुकमायशोवर लक्ष ठेवा. पहिले एक-दोन कार्यक्रम नुसते प्रेक्षक म्हणून बघा. कोणत्या वाक्याला हशा आला यापेक्षा कोणत्या शब्दावर आला, ते टिपा.

नाव नोंदवलं की तीन ते पाच मिनिटांचा स्पॉट मिळतो. वेळ संपत आल्यावर मागून मोबाइलचा लाइट दाखवतात. लाइट दिसला की चालू विनोद पुरा करून उतरायचं. हा नियम पाळणाऱ्याला पुन्हा बोलावतात. न पाळणाऱ्याला, तो कितीही हशा घेत असला, तरी आयोजक टाळतात. होस्टचे आभार मानणं, आपला स्पॉट झाल्यावर लगेच निघून न जाता इतरांचे सेट ऐकणं, दुसऱ्याच्या विषयाच्या जवळ जाणारा विनोद असेल तर त्याला आधी सांगणं, यातून तुमचं नाव होतं. हे क्षेत्र लहान आहे. इथलं पहिलं लोकमत सहकलाकारांचं असतं, आणि ते मंचाखालच्या वागण्यावरून बनतं.

लिहायचं कसं, ते एका उदाहरणातून पाहू. समजा पहिला खर्डा असा आहे: ‘माझी आई नांदेडला असते. ती फार काळजी करते, सगळ्याच आया करतात. तर ती मला दर आठवड्याला डबा पाठवते, कारण हैदराबादमध्ये मी उपाशी राहतो असं तिला वाटतं, पण हैदराबाद तर बिर्याणीसाठी प्रसिद्ध आहे ना!’ कल्पना बरी आहे, पण हशा येणार नाही. गंमत मध्येच सांडते आणि शेवट स्पष्टीकरणावर होतो. आता हेच पाहा: ‘आई नांदेडहून दर आठवड्याला डबा पाठवते. तिला वाटतं, मी इथे उपाशी राहतो. हैदराबादमध्ये!’ ज्या शब्दावर हसायचं तो शेवटी आला. बिर्याणीचं नाव घेतलंच नाही, ते प्रेक्षकाने स्वतः ओळखलं, आणि जे स्वतः ओळखतो त्यावर माणूस मोकळेपणाने हसतो. हशा ओसरू लागला की टॅग, म्हणजे त्याच विनोदाला जोडलेली पुढची ओळ, टाका: ‘डबा पोचेपर्यंत माझी दुसरी प्लेट झालेली असते.’ एका सेटअपवर दोन हशे झाले, आणि आईची चेष्टा न करता तिची मायाही पोचली.

प्रत्येक सेटचा आवाज फोनवर रेकॉर्ड करा आणि दुसऱ्या दिवशी ऐका. वहीत प्रत्येक विनोदापुढे तीनच खुणा पुरेत: हशा, हसू, शांतता. एखादा विनोद तीन वेगवेगळ्या ठिकाणी पडला तर दोष विनोदात आहे. एकाच ठिकाणी पडला तर कारण दुसरंही असू शकतं: जेवणाच्या ऑर्डरी चालू असतील, आधीच्या कलाकाराने वातावरण गार केलं असेल, खुर्च्या लांब असतील. सेट साफ पडण्याला या क्षेत्रात ‘बॉम्ब होणं’ म्हणतात, आणि ते जुन्याजाणत्यांनाही चुकत नाही. त्यातून जे कळतं ते मित्रांच्या कौतुकातून कळत नाही. म्हणूनच सुरुवातीला मित्रांना प्रेक्षक म्हणून नेऊ नका. ते तुमच्यासाठी हसतात, विनोदाला हसत नाहीत, आणि वहीतली खूण खोटी ठरते.

भाषा आणि ऐवज

हैदराबादच्या एकाच खोलीत तेलुगू, दख्खनी, हिंदी, इंग्रजी आणि मराठी बोलणारे शेजारी बसलेले असतात. ज्या भाषेत तुम्ही भांडता, त्या भाषेत लिहा. मग ज्या भाषेत खोली हसते, तीत सांगा. बहुतेक मराठी मुलांसाठी याचा अर्थ कॅफेत हिंदी किंवा इंग्रजी सेट आणि मराठी मंडळाच्या, गणेशोत्सवाच्या कार्यक्रमांत मराठी सेट. दोन्ही चालू ठेवा. 2016 मध्ये सुरू झालेल्या भाडिपा या यूट्यूब वाहिनीने मराठी स्टँड-अपला तिकीट काढून येणारा प्रेक्षक मिळवून दिला. मंदार भिडे यांच्यासारखे कलाकार त्यातून पुढे आले. तुमचा मराठी अर्धा तास तयार असेल तर नांदेड-लातूर जवळ आहेतच, आणि पुणे-मुंबईची दारंही बंद नाहीत.

एक पथ्य मात्र पाळा. बाहेरून येऊन स्थानिकांच्या उच्चारांची नक्कल करणं हा सगळ्यात सोपा आणि सगळ्यात लवकर शिळा होणारा विनोद आहे. तेलुगू माणसाचं हिंदी, जुन्या शहराची बोली यांवर विनोद करण्याआधी त्या भाषेत, त्या गल्लीत तुमची कितीशी ऊठबस आहे ते स्वतःला विचारा. स्वतःचं अवघडलेपण सांगितलं तर खोली तुमच्या बाजूची होते. खोलीतल्यांनाच हिणवलंत तर पाहुण्याने घरातली भांडी मोजल्यासारखं होतं.

क्राउडवर्क, म्हणजे प्रेक्षकांशी जागच्या जागी बोलणं, आज रील्सवर फार चालतं. त्याला व्यावहारिक कारण आहे: लिहिलेला विनोद क्लिपमध्ये गेला की प्रत्यक्ष कार्यक्रमात त्याची धार जाते, तर क्राउडवर्कची क्लिप टाकून सेट शाबूत राहतो. पण क्राउडवर्कवर उभं राहिलेलं करिअर लिखाणाशिवाय फार पुढे जात नाही. शिवाय पहिल्या रांगेतल्या माणसाचा चेहरा क्लिपमध्ये टाकण्याआधी त्याची परवानगी घ्या. तो तिकीट काढून आला आहे, चित्रीकरणासाठी आलेला नाही.

नोकरी, पैसा, कागद

नोकरी लगेच सोडू नका. ओपन माइकला मानधन नसतं, काही ठिकाणी उलट तुम्हालाच काही विकत घ्यावं लागतं. पैसा येतो तो अनेक कलाकारांच्या लाइनअप शोमधून थोडा, स्वतःच्या तिकीट शोमधून थोडा जास्त आणि कॉर्पोरेट शोमधून बराच. आयटी कंपन्यांचं शहर असल्याने हैदराबादेत कॉर्पोरेट कामाला वाव आहे. त्यासाठी शिव्या, धर्म, राजकारण आणि बॉस वगळून चालणारी वीस मिनिटं वेगळी तयार ठेवा. त्याने स्वातंत्र्य विकलं जात नाही. उलट तिथल्या पैशावर कॅफेतलं स्वातंत्र्य परवडतं.

नोकरीच्या करारात ‘अन्य उत्पन्न’ किंवा ‘दुहेरी काम’ याबद्दल काय कलम आहे ते वाचा आणि गरज असेल तर लेखी परवानगी घ्या. ऑफिसातल्या खऱ्या माणसाला ओळखू येईल असं मंचावर आणू नका. मानधनाचा करार दोन ओळींचा का होईना, ईमेलवर करून घ्या: तारीख, वेळ, रक्कम, प्रवास, चित्रीकरणाचे हक्क कोणाचे. इन्व्हॉइस द्या, कापलेल्या टीडीएसचा हिशोब ठेवा. तेलंगणात सेवांची वार्षिक उलाढाल 20 लाखांवर गेली की जीएसटी नोंदणी करावी लागते. हिशोब नीट असला की घरच्यांशी बोलणंही सोपं जातं.

घरचे आणि ओळखीचे

‘चार लोकांत हसं करून घ्यायचं, हा काय धंदा?’ हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक मराठी घरात येतो. त्यात तिरस्कारापेक्षा काळजी जास्त असते, हे मनाशी पक्कं करा. वाद घालू नका, माहिती द्या: आठवड्यातून किती संध्याकाळी जाणार, नोकरी चालू आहे का, रात्री परत कसं येणार, वर्षभराने कशावरून ठरवणार. आई-बाबांना पहिल्या ओपन माइकला बोलावू नका. पंधरा मिनिटं घट्ट बसली की मगच बोलावा.

घरच्यांवरचे विनोद त्यांना आधी ऐकवा. विनोद बदलायचा की नाही हे तुम्ही ठरवा, पण त्यांनी तो पहिल्यांदा व्हॉट्सअ‍ॅपवर, मावशीने पाठवलेल्या क्लिपमध्ये पाहू नये. जोडीदाराचं आजारपण, भावंडांचं लग्न, घरातलं कर्ज यांसारख्या गोष्टी त्यांच्या संमतीशिवाय मंचावर आणू नका. ‘मी’ म्हणून बोलण्याची मुभा तुम्हाला आहे, त्यांच्या वतीने बोलण्याची नाही.

मुलींना याखेरीजही बरंच सोसावं लागतं. विनोदाऐवजी कपड्यांवर, दिसण्यावर, ‘घरचे काही म्हणत नाहीत का’ यावर कमेंट येतात. लाइनअपमध्ये एकटीच मुलगी असणं, रात्री उशिराचा प्रवास, हेही असतं. कार्यक्रम संपण्याची वेळ आणि परतीची सोय आधी विचारून घ्या. ज्या आयोजकाला हा प्रश्न जड वाटतो, त्याचा कार्यक्रम सोडा. पाठलाग किंवा छळ झाला तर तेलंगण पोलिसांची 2014 पासून काम करणारी शी टीम्स ही यंत्रणा आहे. तक्रार करताना संकोचू नका.

कमेंटचं काय करायचं

खोलीत बसलेल्या माणसाने तिकीट काढलं, तासभर दिला, आधीचा संदर्भ ऐकला. रील पाहणाऱ्याने चाळीस सेकंद दिली. दोघांच्या मताला सारखंच वजन देऊ नका. क्लिप टाकली की त्या रात्री कमेंट वाचू नका, दुसऱ्या दिवशी ठरलेल्या वेळी वाचा. शिवीला उत्तर नको, ब्लॉक पुरे. धमकीचा स्क्रीनशॉट, लिंक आणि वेळ जपून ठेवा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात तक्रार द्या. झोप उडाली, मंचावर जायची भीती वाटू लागली, खाणंपिणं सुटलं, तर मन घट्ट करून सोसत बसू नका. टेलि-मानस या सरकारी सेवेचा 14416 हा क्रमांक चोवीस तास विनामूल्य उपलब्ध आहे.

मात्र सगळी टीका एकाच पोत्यात भरू नका. ज्याच्यावर विनोद केला तोच सांगतो आहे का, आणि तो तुमच्यापेक्षा दुबळ्या जागी आहे का, हे दोन प्रश्न विचारा. दोन्हींचं उत्तर ‘हो’ असेल तर थांबून ऐका. ऑगस्ट 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अपंग व्यक्तींची थट्टा करणाऱ्या काही विनोदवीरांना जाहीर माफी मागायला सांगितलं. याचिका स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रॉफीच्या रुग्णांसाठी काम करणाऱ्या संस्थेची होती. अशी तक्रार आली तर ‘विनोदच होता’ म्हणून झटकू नका. चूक पटली तर एका वाक्यात, ‘पण’ न लावता माफी मागा आणि विनोद काढा. चूक पटली नसेल तर नुसतं वादळ शमवायचं म्हणून माफीनामा लिहू नका. खोटी माफी समोरच्याला कळते, आणि पुढच्या वेळी खरी मागितली तरी कोणी मानत नाही.

वाद पेटला तर

स्टँड-अप कलाकार मुनव्वर फारुकी यांना धार्मिक भावना दुखावल्याच्या आरोपावरून 1 जानेवारी 2021 रोजी इंदूरमध्ये अटक झाली. सर्वोच्च न्यायालयाने 5 फेब्रुवारीला अंतरिम जामीन देईपर्यंत महिन्याहून अधिक काळ ते आत होते. पुढे त्यांचे अनेक कार्यक्रम ठिकठिकाणी रद्द झाले. 20 ऑगस्ट 2022 रोजी हैदराबादच्या शिल्पकला वेदिकेत त्यांचा कार्यक्रम मात्र झाला, तोही विरोधाच्या धमक्या असताना, कडक पोलीस बंदोबस्तात. सरकारने आणि पोलिसांनी ठरवलं तर कार्यक्रम होऊ शकतो, हे या शहराने तेव्हा पाहिलं. त्यानंतरच्या दिवसांत एका आमदाराच्या वक्तव्यावरून शहरात तणाव पसरला, हेही पाहिलं.

2 फेब्रुवारी 2025 रोजी सोलापुरात प्रणित मोरे या आपल्या मराठी कलाकाराला कार्यक्रमानंतर मारहाण झाली. एका नवोदित नटावर केलेल्या विनोदाचं निमित्त होतं, त्या नटाने मारहाणीशी आपला संबंध नाकारला आणि तिचा निषेध केला. त्याच वर्षी मार्चमध्ये स्टँड-अप कलाकार कुणाल कामरा यांच्या राजकीय विडंबनगीतावरून मुंबईत खारच्या हॅबिटॅट स्टुडिओची तोडफोड झाली. गाणं कामरांचं होतं, पण खुर्च्या फुटल्या त्या जागा देणाऱ्याच्या.

या घटनांतून घेण्यासारखं बरंच आहे. राजकीय किंवा धार्मिक विषयावरचा सेट असेल तर जागेच्या मालकाला आधी सांगा, तोही धोका पत्करतो आहे. संपूर्ण कार्यक्रमाचं स्वतःचं रेकॉर्डिंग ठेवा, म्हणजे तोडलेल्या क्लिपसमोर मूळ दाखवता येईल. कार्यक्रमानंतर चाहत्यांना भेटताना एकटे राहू नका. एका वकिलाचा नंबर, भरवशाच्या दोन मित्रांचा आणि घरच्यांचा, असे तीन नंबर तोंडपाठ असू द्या; फोन जवळ असेलच असं नाही.

कायद्याची तोंडओळख करून घ्या. राज्यघटनेच्या कलम 19(1)(अ) ने बोलण्याचं स्वातंत्र्य दिलं आहे, 19(2) ने त्याच्या मर्यादा सांगितल्या आहेत. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत गटागटांत वैर वाढवण्याबद्दल कलम 196, हेतुपुरस्सर धार्मिक भावना दुखावण्याबद्दल 299 आणि बदनामीबद्दल 356 आहे. 28 मार्च 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. अभय ओक आणि न्या. उज्जल भुयान यांच्या खंडपीठाने खासदार इम्रान प्रतापगढी यांच्यावर एका कवितेवरून दाखल झालेला गुन्हा रद्द केला. तो निकाल प्रत्येक कलाकाराने वाचावा असा आहे. कविता, नाटक, व्यंग यांच्याबरोबर स्टँड-अपचंही नाव न्यायालयाने त्यात घेतलं. तीन ते सात वर्षांखालील शिक्षेच्या अशा प्रकरणांत गुन्हा नोंदवण्याआधी पोलिसांनी प्राथमिक चौकशी करणं उचित ठरेल आणि शब्द जोखायचे ते खंबीर माणसाच्या कसोटीवर, सतत असुरक्षित वाटणाऱ्याच्या नाही, असं त्यात म्हटलं आहे. नोटीस आली तर वकिलाला या निकालाची आठवण करून द्या, आणि त्याच्याशी बोलण्याआधी समाजमाध्यमांवर काहीही लिहू नका.

एक वर्ष द्या

पहिल्या वर्षाचं ध्येय प्रसिद्धी ठेवू नका. अनोळखी खोलीत, ओळखीचं कोणी नसताना हसवतील अशी पंधरा मिनिटं, हे ध्येय ठेवा. ती झाली की क्लिप टाका, घरच्यांना बोलवा, तिकीट लावा. मग लोक बोलतील तेव्हा तुमच्याजवळ रेकॉर्डिंग असेल, वही असेल आणि खोल्याखोल्यांतून मिळवलेली खात्री असेल. ज्याच्याकडे हे नाही, त्याला एक वाईट कमेंट पुरते. ज्याच्याकडे आहे, तो ती वाचतो, तिच्यात तथ्य आहे का तपासतो आणि संध्याकाळी पुन्हा ओपन माइकला नाव देतो. या आठवड्यात जवळचा ओपन माइक शोधा, वही घ्या आणि आधी शेवटच्या रांगेत बसून ऐका.